शेव कितीची, भाकरी कितीची?

वाचकांचे प्रश्न, गणिताच्या बाईंची उत्तरं

मागच्या अंकात मी लिहिलं होतं, एकसामयिक समीकरणांवर काही अडत असेल तर कळवा. पत्रं आली, मोबाइलवर वह्यांचे फोटो आले. एका फोटोत पानावर चहाच्या कपाचा गोल डाग होता आणि चूक बरोबर त्या गोलाच्या आत. अशी सोय मला एकतीस वर्षांच्या नोकरीत कधी मिळाली नव्हती.

ज्यांचा या गणिताशी संबंध तुटून पुष्कळ वर्षं झाली त्यांच्यासाठी आधी एवढंच. दोन गोष्टी माहीत नाहीत. पण त्या दोघींबद्दल दोन वाक्यं माहीत आहेत आणि ती दोन्ही एकाच वेळी खरी आहेत. एकसामयिक म्हणजे हेच. हल्लीच्या पुस्तकात चलांना, म्हणजे या माहीत नसलेल्या गोष्टींना, इंग्रजी अक्षरं असतात. मी क्ष आणि य लिहिणार आहे, कारण माझी पाटी त्यांच्यावरच घासली गेली.

प्रश्न : बाई, मी दहावीत आहे. गणित भाग १ मधलं पहिलंच प्रकरण हे आहे आणि पहिल्याच प्रकरणात माझे मार्क जातात. लोप करताना, म्हणजे एक अक्षर घालवताना, कधी बेरीज करायची आणि कधी वजाबाकी, ते वर्गात कळतं, घरी आलं की जातं. चिन्हं बदलताना दर वेळी चुकतो. काहीतरी पक्कं सांगा.
(एक विद्यार्थी, पारोळा तालुका)

उत्तर : चहाचा डाग तुझ्याच वहीवर आहे, हे मी कोणाला सांगत नाही.

वही मिट आणि माझ्याबरोबर धुळे रस्त्यावरच्या एखाद्या धाब्यावर चल. एका टेबलावर दोन शेवभाजी आणि पाच भाकऱ्या गेल्या, बिल ३४० रुपये. शेजारच्या टेबलावर तीन शेवभाजी आणि चार भाकऱ्या, बिल ४४०. फळ्यावरचे भाव पावसाने पुसले आहेत. वेटरला न विचारता सांग, शेवभाजी कितीची आणि कळण्याची भाकरी कितीची?

दोन्ही टेबलांवर शेवभाजी सारखीच गेली असती तर काम सोपं होतं. बिलात जो फरक पडला तो नुसत्या भाकऱ्यांचा, असं कोणीही सांगितलं असतं. ती सारखी नाही, तर आपण करून घेऊ. समज, पहिल्या टेबलावरची माणसं तीन दिवस येऊन तेच जेवली. सहा शेवभाजी, पंधरा भाकऱ्या, बिल १०२०. दुसऱ्या टेबलावरची दोन दिवस आली. सहा शेवभाजी, आठ भाकऱ्या, बिल ८८०. आता शेवभाजी दोन्हीकडे सहा-सहा. पहिल्यांनी सात भाकऱ्या जास्त खाल्ल्या आणि १४० रुपये जास्त दिले. भाकरी २० रुपयांची. पाच भाकऱ्यांचे १०० गेले, ३४० मधले २४० उरले, ते दोन शेवभाजींचे. एक १२० ची.

झाला लोप. वहीत तो असा दिसतो. एका शेवभाजीची किंमत क्ष रुपये आणि एका भाकरीची य रुपये मानू.

२क्ष + ५य = ३४०
३क्ष + ४य = ४४०

पहिल्याला ३ ने गुणलं, दुसऱ्याला २ ने :

६क्ष + १५य = १०२०
६क्ष + ८य = ८८०

वजा करून ७य = १४०, म्हणून य = २०.

तुझ्या वहीतली पहिली चूक चिन्हाची नाहीच. तू डावी बाजू तीनने गुणलीस आणि उजवीकडे ३४० तसेच ठेवलेस. तीन दिवस जेवायचं आणि बिल एका दिवसाचं द्यायचं? धाबेवाला तुला जाऊ देईल का? यापुढे गुणताना प्रत्येक वेळी त्याचा चेहरा आठव.

आता चिन्हं. नियम तुला माहीत आहे. जे पद घालवायचं ते दोन्हीकडे सारख्याच चिन्हाचं असेल तर वजाबाकी, उलट चिन्हाचं असेल तर बेरीज. तू घसरतोस ते वजाबाकीत, कारण तिथे खालच्या ओळीतली सगळी चिन्हं मनात बदलावी लागतात आणि मन एखादं विसरतं. तुझंच गणित घेऊ :

५क्ष − २य = १६
३क्ष − ४य = ४

पहिल्याला २ ने गुणून १०क्ष − ४य = ३२. इथपर्यंत बरोबर. मग वजा करताना तू −४य मधून −४य काढलेस आणि −८य लिहिलेस. तुझ्यासाठी माझा उपाय असा की वजाबाकी करूच नकोस. दुसरं समीकरण आधी उण्या एकाने गुणून नव्या ओळीवर, शाईने, नीट लिहून काढ :

−३क्ष + ४य = −४

आणि बेरीज कर. ७क्ष = २८, क्ष = ४, य = २. एक ओळ जास्त लागते. ती लिहायला वीस सेकंद जातात आणि त्या वीस सेकंदांत दोन मार्क वाचतात. वर्षानुवर्षं मी फळ्यावरही असंच केलं, कारण उभ्या-उभ्या वजाबाकी करताना माझंही चुकायचं. वर्गाला वाटायचं, बाई समजावून सांगतात म्हणून जास्तीची ओळ लिहितात.

ताळा करायला विसरू नकोस. क्षची किंमत ज्या समीकरणात घालून य काढलास, त्याच समीकरणात ताळा करायचा नाही, तिथे तो जुळणारच. दुसऱ्यात कर. ३ × ४ − ४ × २ = ४. जुळलं. आता पेन खाली ठेव.

प्रश्न : माझी मुलगी समीकरण दिलं तर पटकन सोडवते, पण शाब्दिक उदाहरण आलं की पेन चावत बसते. मी सातवीपर्यंतच शिकले. काही सांगायला गेले तर म्हणते, "माय, तुले काय समजस?" मी तिला कशी मदत करू?
(एक आई, शिरपूर)

उत्तर : ताई, या कामात तुमची सातवी पुरून उरेल. शाब्दिक उदाहरणात गणित कमी असतं, ऐकून घेणं जास्त. ती अडते तेव्हा पुस्तक तुमच्या हातात घ्या आणि तिला सांगा, मला समजेल असं सांग, यात काय माहीत नाही? तिने अहिराणीत सांगितलं तरी चालेल, उलट बरंच. "काकाचं वय आणि पुतण्याचं वय माहीत नाही" एवढं तिच्या तोंडून निघालं की निम्मं झालं. मग म्हणा, आता हेच लिही.

पेपर तपासताना मला हजारदा दिसलं की मुलं पहिली ओळ लिहितात, "क्ष आणि य मानू". काय मानू? क्ष म्हणजे काका, काकांचं वय की पाच वर्षांपूर्वीचं वय? तिथे गोंधळ राहिला की पुढची दहा ओळींची मेहनत पाण्यात. "काकांचं आजचं वय क्ष वर्षे मानू" असं पूर्ण वाक्य लिहिल्याशिवाय तिला पुढे जाऊ देऊ नका. समीकरण तपासणं तुमचं काम नाही, ते वाक्य तेवढं तपासा.

दुसरी अडायची जागा म्हणजे दोन अंकी संख्या. "एका दोन अंकी संख्येतील अंकांची बेरीज ९ आहे. अंकांची अदलाबदल केली तर संख्या २७ ने वाढते." मुलं दशकाचा अंक क्ष, एककाचा य मानतात आणि संख्या लिहितात क्षय. अहो, क्ष आणि य शेजारी ठेवले की संख्या होत नाही, क्षय होतो! तिच्यासमोर दहाच्या तीन नोटा आणि एक रुपयाची सहा नाणी ठेवा. किती झाले? छत्तीस. कसे? तीन दाहे तीस आणि वर सहा. म्हणजे संख्या १०क्ष + य. अदलाबदल केली की सहा नोटा आणि तीन नाणी, १०य + क्ष. वाढ २७. आता तिला मांडू द्या :

क्ष + य = ९
(१०य + क्ष) − (१०क्ष + य) = २७

दुसरं आवरलं की ९य − ९क्ष = २७, म्हणजे य − क्ष = ३. पहिल्यात मिळवलं की २य = १२, य = ६, क्ष = ३. तुमच्या पुढ्यातल्या नोटा आणि नाणी.

प्रश्न : मास्तरीणबाईला खताचं विचारतोय म्हणून हसू नका. कपाशीला एकरी ४० किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद द्यायचं ठरलंय. दुकानात डीएपी आणि युरिया आहे. गोणीवर आकडे असतात, पण ते जुळवून किती गोण्या घ्यायच्या, दर वर्षी दुकानदार सांगतो तेवढ्या घेतो. याचं गणित असतं का? शेजारी म्हणतो युरिया सोड, २०:२०:०:१३ घे.
(एक शेतकरी, चोपडा तालुका)

उत्तर : जिभाऊ, हसू कशाला? दहावीच्या पुस्तकात पेन आणि वह्यांच्या जागी हेच उदाहरण असायला हवं होतं. डोस किती द्यायचा ते मी सांगणार नाही, माझा तो विषय नाही. तुमच्या पत्रातला आकडा बरोबर धरून फक्त हिशेब करते.

गोणीवरचे आकडे म्हणजे शंभर किलोंत किती किलो काय आहे. पहिला नत्र, दुसरा स्फुरद, तिसरा पालाश. डीएपीवर १८:४६:० असतं, म्हणजे शंभर किलो डीएपीत १८ किलो नत्र आणि ४६ किलो स्फुरद. युरियात ४६ टक्के नत्र, बाकी दोन्ही शून्य. डीएपी क्ष किलो आणि युरिया य किलो घेतला असं मानू. नत्राचं एक वाक्य, स्फुरदाचं एक. शंभराने गुणून घेतलं की छेद जातो :

१८क्ष + ४६य = ४०००
४६क्ष = २३००

दुसरं नीट पाहा. त्यात य नाहीच, कारण युरियात स्फुरद नसतं. अशा वेळी लोपबिप काही करायचं नाही. सोपं आहे ते आधी सोडवायचं. क्ष = ५०. डीएपी पन्नास किलो, बरोबर एक गोणी. ही पन्नासची गोणी पहिल्या वाक्यात टाका. १८ × ५० = ९००, म्हणजे नऊ किलो नत्र डीएपीतूनच आलं. ४००० मधून ९०० गेले, ३१०० उरले, भागिले ४६, साधारण ६७.४ किलो युरिया. युरियाची गोणी आता ४५ किलोंची असते, दीड गोणी म्हणजे ६७.५. एकरी एक डीएपी, दीड युरिया. दुकानदाराने गेल्या वर्षी किती दिल्या होत्या ते तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, आणि मीही विचारत नाही.

आता शेजाऱ्याचा सल्ला. २०:२०:०:१३ मध्ये नत्र २०, स्फुरद २०, पालाश नाही, आणि शेवटचे १३ गंधकाचे. युरियाच्या जागी हे घ्यायचं म्हटलं तर :

१८क्ष + २०य = ४०००
४६क्ष + २०य = २३००

वरचं खालच्यातून वजा करा. २८क्ष = −१७००. क्ष जवळपास उणे ६१ किलो! पोरांना असं उत्तर आलं की ती उण्याचं चिन्ह गुपचूप खोडतात. तुम्ही खोडू नका. ते उणं काहीतरी सांगतंय. तुमचा आकडा जुळवायचा तर एकसष्ट किलो डीएपी जमिनीतून परत काढावं लागेल, असं ते म्हणतंय. कारण साधं आहे. डीएपीत स्फुरद नत्रापेक्षा जास्त, २०:२० मध्ये दोन्ही सारखं. तुम्हाला हवंय नत्र जास्त. ही दोन खतं कशीही मिसळली तरी नत्र स्फुरदाच्या पुढे जाणारच नाही. शेजाऱ्याचं खत वाईट नाही, तुमच्या आकड्याला ही जोडी लागू नाही. गंधकासाठी ते घ्यायचंच असेल तर जोडीला युरिया ठेवा आणि समीकरणं पुन्हा मांडा. पहिल्या जोडीसारखंच सुटेल, करून पाहा.

प्रश्न : लोप करता करता दोन्ही अक्षरं गेली आणि ० = १० आलं. पाच वेळा केलं. गणित चुकीचं आहे की मी?
(नववीची विद्यार्थिनी, साक्री)

उत्तर : गणित. आणि मला हे खात्रीने सांगता येतं, कारण असंच एक गणित मी स्वतः काढलेलं आहे.

घटक चाचणी होती. रात्री उशिरा पेपर काढला, घाईत. "३ वह्या आणि २ पेन यांची किंमत ९५ रुपये. ६ वह्या आणि ४ पेन यांची किंमत २०० रुपये. तर एका वहीची व एका पेनची किंमत काढा." दुसऱ्या दिवशी वर्ग माना खाली घालून बसला तो उठेचना. खोडरबरांचा आवाज तेवढा येत होता. कोणी वहीची किंमत शून्य काढली, कोणी दुसऱ्याच उदाहरणाचं उत्तर इथे लिहिलं. एका मुलीने मात्र दोनच ओळी लिहिल्या होत्या : "सहा वह्या चार पेन म्हणजे पहिल्याच्या दुप्पट. १९० व्हायला पाहिजेत. बाई, दुकानदाराने तुमच्याकडून दहा रुपये जास्त घेतले."

मी तिला पैकीच्या पैकी दिले आणि बाकी सगळ्यांचं ते उदाहरण रद्द केलं. तिच्या त्या दोन ओळींत तुझं ० = १० पूर्ण आलं. दोन वाक्यं एकमेकांना खोटं पाडतात, तेव्हा दोन्ही खरी ठरतील अशी किंमत जगात नसते. आलेख काढलास तर दोन समांतर रेषा दिसतील, जळगाव-भुसावळ लाइनचे रूळ जसे. (भुसावळच्या यार्डातले नव्हेत, तिथे सांधे बदलतात.)

त्या पेपरात मी २०० ऐवजी १९० लिहिले असते तर बरं झालं असतं का? नाही. मग ० = ० आलं असतं. दुसरं वाक्य हे पहिलंच, फक्त दोनदा सांगितलेलं. वही १५ ची आणि पेन २५ चा चालला असता, वही २५ ची आणि पेन १० चा चालला असता, आणखी कितीतरी. समीकरणं दोन लिहिलेली असली तरी माहिती एकच आहे, म्हणून उत्तरांना सुमार नाही. सोडवायच्या आधी ओळखायचं असेल तर सहगुणकांचं, म्हणजे अक्षरांआधीच्या आकड्यांचं, गुणोत्तर बघ. ३ ला ६, २ ला ४, दोन्ही दुप्पट. इथेच सावध व्हायचं, आणि मग उजवी बाजूही दुप्पट आहे का ते बघायचं.

प्रश्न : भास्कराचार्य आमच्या पाटणादेवीचे, असं आम्ही अभिमानाने सांगतो. पण मुलांच्या पुस्तकात नाव क्रेमरचं. भास्कराचार्यांना ही समीकरणं येत होती का? आणि हा क्रेमर कोण?
(एक निवृत्त कर्मचारी, चाळीसगाव)

उत्तर : आप्पा, येत होती, आणि झकास येत होती. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, सिद्धांतशिरोमणी हा ग्रंथ ११५० मधला, म्हणजे वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. त्याचा एक भाग बीजगणित. अज्ञात राशी एकापेक्षा जास्त असतील तर पहिलीला ते यावत्तावत् म्हणतात, जितकं असेल तितकं, आणि पुढच्यांना रंगांची नावं देतात : कालक, नीलक, पीतक, लोहितक. त्या प्रकाराचं नावच अनेकवर्णसमीकरण. आपण क्ष आणि य म्हणतो, ते यावत्तावत् आणि काळा म्हणत. मला कायम वाटत आलंय की वर्गात रंगीत खडूंनी हे शिकवलं तर मुलं पटकन पकडतील. शाळेत रंगीत खडू स्नेहसंमेलनापुरतेच मिळायचे, तो भाग वेगळा.

त्यांचं एक उदाहरण नातवाला घाला. एक मित्र म्हणतो, तू मला शंभर दे, मग माझ्याकडे तुझ्या दुप्पट होतील. दुसरा म्हणतो, तूच मला दहा दे, मग माझ्याकडे तुझ्या सहापट होतील. दोघांकडे किती? नातू दोन चलं घेईल, घेऊ द्या. भास्कराचार्य इथे एकाच अज्ञातात भागवतात. शंभर दिल्यावर दुसऱ्याकडे जे उरेल तेच क्ष धरायचं. मग त्याच्याकडे आधी क्ष + १००, आणि पहिल्याकडे २क्ष − १००. पहिलं वाक्य मांडणीतच खरं होऊन गेलं! उरलं दुसरं : क्ष + ११० = ६(२क्ष − ११०). म्हणजे ११क्ष = ७७०, क्ष = ७०. पहिल्याकडे ४०, दुसऱ्याकडे १७०. पहिल्या ओळीत काय मानायचं याला किती किंमत आहे, ते वर शिरपूरच्या ताईंना सांगितलंच.

लीलावतीत संक्रमण म्हणून एक छोटी रीत आहे. दोन संख्यांची बेरीज आणि फरक माहीत असेल, तर बेरजेत फरक मिळवून निम्मं करा, मोठी मिळते. वजा करून निम्मं करा, लहान मिळते. तापी-पूर्णेच्या संगमावर होडी प्रवाहाबरोबर ताशी ८ किलोमीटर जाते आणि प्रवाहाविरुद्ध ४, तर संथ पाण्यात होडी ६ ची आणि पाणी २ चं. पुस्तकातली होडीची सगळी उदाहरणं या एका रितीत बसतात.

पाटणचं म्हणाल तर तिथला शिलालेख पक्का पुरावा आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा तो लेख, १२०७ सालचा. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांचं स्वतःचं गाव मात्र कोणतं, यावर अभ्यासकांत वाद आहेत, तेव्हा पाहुण्यांपुढे छाती थोडी कमी फुगवा. आणि हा चांगदेव वेगळा, संगमावरचे योगी चांगदेव वेगळे. मुलं दोघांची गल्लत करतात, मोठेही करतात.

गाब्रिएल क्रेमर जिनिव्हाचा, जन्म १७०४, मृत्यू १७५२. त्याचा ग्रंथ आला १७५० मध्ये, सिद्धांतशिरोमणीनंतर बरोबर सहाशे वर्षांनी. त्याने समीकरणं सोडवायचा तयार साचा दिला. धाब्याचं बिल त्यात घालून बघू. सहगुणकांचा निश्चयक, म्हणजे तिरप्या गुणाकारांची वजाबाकी : २ × ४ − ५ × ३ = −७. क्षच्या जागी बिलं घातली : ३४० × ४ − ५ × ४४० = −८४०. यच्या जागी घातली : २ × ४४० − ३४० × ३ = −१४०. भागाकार केला की १२० आणि २०. आणि तो सात ओळखला का? पहिल्या टेबलावर जास्त गेलेल्या सात भाकऱ्या! क्रेमरने लोपच केलाय, फक्त एकदाच करून त्याचं सूत्र बांधून ठेवलं. निश्चयक शून्य आला की मात्र त्याला भागता येत नाही. साक्रीच्या मुलीला सांगितलेल्या माझ्या वह्या-पेनांच्या गणितात तेच होतं : ३ × ४ − २ × ६ = ०.

प्रश्न : मी शाळेत गेले नाही, नात हे लिहून देतेय. आमच्या वेळी सासरे घालायचे : कोंबड्या आणि शेळ्या मिळून चाळीस डोकी, पाय एकशे दहा, कोण किती? मी तोंडी सांगते. नातू म्हणतो, आजी, असं चालत नाही, क्ष मांडावा लागतो.
(एक आजी, अमळनेर तालुका)

उत्तर : आजी, कसं सांगता ते तुमच्या नातीने लिहिलंय, आणि मी ते दोनदा वाचलं. सगळ्या शेळ्यांना म्हणायचं, पुढचे पाय वर करा. आता प्रत्येक डोक्याला दोनच पाय जमिनीवर, चाळीस दुणे ऐंशी. वर गेले ते तीस, एका शेळीचे दोन, म्हणून शेळ्या पंधरा. कोंबड्या पंचवीस.

नातवाला माझ्याकडून सांगा : डोक्यांचं समीकरण क्ष + य = ४०, पायांचं २क्ष + ४य = ११०. पहिल्याला दोनने गुणून दुसऱ्यातून वजा केलं की २य = ३०. आजीने शेळ्यांचे पाय वर करायला लावले तो तुझा लोप. परीक्षेत समीकरण मांडायला सांगितलं असेल तर मांडावंच लागेल, तिथे शेळ्या चालत नाहीत. घरी चालतात.

त्याने पत्राच्या तळाशी वेगळ्या अक्षरात एक खोडी काढलीय, "आणि मोजताना पाय १०९ भरले तर?" तर बाळा, १०९ मधून ८० गेले, उरले २९, निम्मे केले की साडेचौदा शेळ्या. मग समीकरण खोडायचं नाही. गोठ्यात जाऊन बघायचं, कुठलीतरी कोंबडी एक पाय पोटाशी घेऊन उभी असेल.